चोराच्या खांद्यावरची सायकल

पुसदच्या कोर्टासमोरून भरदुपारी बाबांची सायकल चोरीला गेली… आणि बाबा त्याच कोर्टात शिरस्तेदार! महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी सहावीत होते. गावात एकच हसं झालं.

चोर दिवस मावळायच्या आत सापडला. का, तर पठ्ठ्याला सायकल चालवताच येत नव्हती! खांद्यावर टाकून शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चालला होता… गुराख्यांनीच धरला.

नाव थावरा, वय सोळा-सतरा, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातला. मला त्याचा अस्सा राग आला होता म्हणून सांगू! त्याच सायकलवर मला शिकवायचं बाबांनी कबूल केलं होतं ना. याला जेलातच टाका, असं मी घरभर ओरडत होते.

फौजदार म्हणाले, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या. पण बाबांचा हात काही उठेना. कोर्टात त्यांनी अशी पोरं पाहिली होती… "पहिल्यांदा येतं तेव्हा रडतं, दुसऱ्यांदा येतं तेव्हा बिडी मागतं," असं ते नेहमी म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याचे प्रमुख हरसिंग नायक थावराला चौकीतून सोडवून आमच्या दारात हजर. मागं थावराची आई, डोळ्याला पदर लावून. आणि दंड म्हणून सोबत एक बोकड! आमचं शाकाहारी घर… आईनं कपाळावर हात मारला. "आता याचं काय लोणचं घालू?"

नायक मात्र हसले नाहीत. "सायेब, जेलात धाडलं तं पोरगं पक्कं चोर होऊन येईन. आमच्या बुढ्यायनं बैलायवर लोकायचा माल वाह्यला, एक दाना इकडचा तिकडं नाही झाला. यानं आमचं नाक कापलं. आता याच्याकडूनच तुमचा माल वाहून घ्या."

बाबांनी थावराला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "ठीक. पोळ्यापर्यंत रोज घरून माझा डबा कोर्टात आणायचा. ह्याच सायकलवरून. चालवायला मी शिकवतो."

"अहो, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" आई आतून म्हणाली… चांगली ऐकू जाईल अशी.

जाताना नायकांनी एक गोष्ट मागितली. त्यांच्या तांड्यात दोन्ही बाजू सोबत जेवल्याशिवाय भांडण मिटलं असं धरत नसत. बाबा म्हणाले, आधी शिक्षा पुरी होऊ दे, मग बघू. खरं कारण वेगळंच होतं… तांड्यातल्या माणसाला आमच्या पंगतीला बसवत नसत तेव्हा. नायकांना ते कळलंच असणार, पण ते रामराम करून गेले. बोकडही घेऊन गेले, नशीब!

थावरा चार दिवसांत सायकल शिकला. रोज डबा वेळेवर पोचायचा. तरी अख्खं गाव वाट बघत होतं, हा पळतो कधी… आणि खोटं कशाला बोलू, मीही बघत होते.

आणि एका शनिवारी कोर्टातला शिपाई धापा टाकत घरी आला. साहेबांचा डबा कुठाय? थावरा तर केव्हाच निघाला होता! "म्हटलं नव्हतं मी?" आई एवढंच बोलली. मी तशीच शिपायाच्या मागं कोर्टाकडे पळाले.

कोर्टाच्या फाटकाशी ही गर्दी! बाजारातल्या माणसांनी थावराला गचांडी धरून आणलं होतं. सदरा फाटलेला, खांद्यावर सायकल… "पुन्हा चोरून चालला होता साहेब, अगदी तस्साच!"

बाबा पायऱ्या उतरून आले. थावराचा एक हात सायकलला आणि दुसऱ्या हातात डबा, अगदी सरळ धरलेला. "पंचर झाली सायेब. तुमीच सांगतलं होतं, बिनहवेची ढकलली का टूब कटते… मंग उचलून आनली."

बाबांनी अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं. हवेचं नाव नव्हतं.

बाबा तिथंच कोर्टाच्या पायरीवर बसले आणि डबा उघडला. वरण थेंबभरही सांडलं नव्हतं. पोळीचे दोन तुकडे केले, त्यावर भाजी घातली आणि एक त्याच्यापुढं धरला… सगळ्या बाजारादेखत. "बैस. जेव. आणि नायकांना सांग, भांडण मिटलं."

"पोळा तं अजून दूर हाय, सायेब…"

"जेव गुपचूप!" बाबा खेकसले. तो रडत रडत खात होता आणि माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

घरी आता रामायण होणार असं मला वाटलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एक अक्षर बोलली नाही. सोमवारी थावराला द्यायला डबा उचलला तर जड लागला… आत दोघांच्या पोळ्या होत्या.

मला सायकल शिकवली ती थावरानंच. मागून कॅरिअर धरून ओरडायचा, "सामने पाहा बाई, सामने!" अजूनही वळणावर तोच आवाज कानात येतो.

काल एका ग्रुपवर कुणा अल्पवयीन मुलाच्या बातमीखाली सगळे 'फाशी द्या, फाशी द्या' लिहीत होते, म्हणून हे आठवलं. सगळे गुन्हे सायकलीएवढे नसतात हे मलाही कळतं हो. शिक्षा हवीच, थावरालाही झाली होती… पण ती भोगून पोर परत आलं, तर त्याच्या वाटणीची पोळी आपल्या डब्यात असायला हवी. आई, हे तू न बोलता शिकवलंस गं.