बेलार्मिनाचा काढा

सान ओनोफ्रे गावच्या शुक्रवारच्या बाजारात बेलार्मिना तिबादुइसा एकतीस वर्षं एकाच जागी बसत आली होती, चर्चच्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, बटाट्याच्या पोत्यांपलीकडे. विकायला एकच जिन्नस, खोकल्याचा काढा. गूळ, मध, निलगिरीची पानं आणि कुंपणावरची पांढरी फुलं. नवरा कोळशाच्या खाणीत दगावला तेव्हापासून तिनं घर याच काढ्यावर चालवलं. मोठी बाटली घेणारीला ती वर एक बोटभर छोटी बाटली द्यायची, घरच्या लेकराच्या नावानं. आमच्या बाजारात वर काहीतरी सगळेच घालतात, बटाटेवाला दोन बटाटे, पाववाली एखादा पाव. न घालणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. पण बेलार्मिनाची छोटी बाटली आया थेट तान्ह्या बाळाच्या तोंडाला लावायच्या, न विचारता, न हुंगता. बाईची आयुष्याची कमाई म्हणाल तर ती एवढीच.

आणि त्या आठवड्यात वकिलाचा डोळा नेमका त्याच कमाईवर होता.

वकील आला तो एदिल्सोनसाठी. एदिल्सोनला बाप्तिस्म्याच्या वेळी बेलार्मिनानं हातात धरलं होतं, म्हणून तो तिला माद्रिना, म्हणजे धर्ममाता, म्हणायचा, आणि त्याची आई एर्मिंदा तिला कोमाद्रे, आपल्या लेकराची दुसरी आई, म्हणायची. देवासमोर जोडलेलं हे नातं. सख्ख्या बहिणी भांडतात, वर्षानुवर्षं अबोला धरतात; कोमाद्रेंनी तसं केलं तर गाव तोंडात शेण घालतं. पोरगा दुधाच्या किटल्या सायकलवरून पोचवता पोचवता शर्यतीत उतरला, मग मोठ्या संघात गेला. बेकरीच्या भिंतीवर त्याचं पुरुषभर चित्र काढलेलं. आणि जून महिन्यात त्याच्या लघवीत जनावरांच्या अंगावर मांस चढवायचं औषध सापडलं.

मंगळवारी तिघं बेलार्मिनाच्या स्वयंपाकघरात बसली होती, एदिल्सोन, एर्मिंदा आणि संघाचा वकील किहानो. वकिलानं गरम चॉकलेटमध्ये चीज बुडवत सगळा बेत समजावला.

"बाई, तुमच्याकडे गाय आहे. गाईचं औषध फळीवर असतं. काढ्याचं सामानही फळीवर. वय झालंय, हात थरथरतो, पडलं चुकून भांड्यात. पोरानं माद्रिनाचा काढा विश्वासानं घेतला. यात कुणाचा गुन्हा आहे सांगा?"

"माझा हात थरथरतो?" बेलार्मिनानं त्याच्यासमोर कप काठोकाठ भरून धरला. "बघा. सांडतंय का?"

"कोमाद्रे, अगं तो बोलायची रीत म्हणून बोलतोय," एर्मिंदा म्हणाली.

"त्याची रीत त्याच्या घरी. माझ्या फळीवर गाईचं काही नसतं. मी काय खुळी आहे?" मग ती पोराकडे वळली. "तू सांग. घेतलंस?"

एदिल्सोननं टेबलाच्या फटीत नख घातलं. "घेतलं," तो म्हणाला. "माद्रिना, संघाचा डॉक्टर म्हणाला, सगळेच काही ना काही घेऊन चालवतात. जो घेत नाही तो दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवतो. ऑक्टोबरला माझा करार संपतोय. डोंगर चढताना रोज शेवटी मीच मागे पडत होतो गं."

"मग हेच सांग त्यांना."

"चार वर्षं घरी बसवतील. चार वर्षांनी मला कोण विचारणार?"

"आणि माझा काढा कोण विचारणार, ते नाही वाटत विचारावंसं?"

वकिलानं रुमालानं मिशा पुसल्या आणि सांगितलं की शुक्रवारी दहाला राजधानी बोगोताहून खेळाडूंच्या औषध-तपासणीची बाई येईल, बाजारातूनच काढ्याची एक बाटली नेईल, तोवर बाईंनी शांतपणे विचार करावा. "विचार झालाय," बेलार्मिना म्हणाली आणि तिनं दार उघडून धरलं. एर्मिंदा जाताना मागे वळून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बेलार्मिनाला तिचा राग येत होता तसाच कळवळाही येत होता.

शुक्रवारी सकाळी एर्मिंदा नेहमीसारखी बाटल्या मांडायला आली. बेलार्मिनाला बरं वाटलं. चला, निवळलं म्हणायचं. बाजारही झकास चालला. साडेनऊपर्यंत पाच मोठ्या बाटल्या गेल्या, त्यांच्यावर पाच छोट्याही गेल्या. शेवटची गेली वरच्या वाडीतल्या येनीकडे. आठ महिन्यांचा पोरगा शालीत गुंडाळून घेतलेला, छाती नुसती घरघरत होती. "जीपमध्येच दे दोन चमचे, म्हणजे वर पोचेपर्यंत झोपेल," बेलार्मिनानं तिला सांगितलं होतं.

एर्मिंदा पावासाठी गेली होती ती परत आली, छोट्या बाटल्यांच्या रांगेकडे बघितलं आणि तिच्या हातातले पाव खाली पडले.

"कोमाद्रे, इथल्या... या टोकाच्या छोट्या कुठे गेल्या?"

"दिल्या की वर. कशाला द्यायच्या असतात त्या?"

"अगं बाई गं!" एर्मिंदा म्हणाली. "त्यातली एक... दहाच्या बाईसाठी ठेवली होती मी. त्यात घातलंय मी ते. वकिलानं दिलेली सगळी कुपी ओतलीये."

बेलार्मिनानं मनात मोजलं. पाच बायका. पाच घरची लेकरं. आणि येनीचा घरघरणारा पोरगा, ज्याला तिनं स्वतःच्या तोंडानं दोन चमचे द्यायला सांगितलं होतं.

एदिल्सोन बेकरीसमोर पोरांना सह्या देत उभा होता. बेलार्मिना पोती ओलांडत त्याच्याकडे धावली, बाही धरून त्याला ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं. "वरच्या वाडीची जीप! वीस मिनिटं झाली सुटून!" घाटातल्या रस्त्यावर दरड आली होती, ट्रक अडकून पडले होते; जीपही त्यात रखडत चालली असणार, पण मागून गाडीनं तिला गाठता आलं नसतं. एदिल्सोननं एका पोराची सायकल हिसकावली आणि साध्या बुटांनिशी, साध्या पँटीत, तो घाटाकडे सुटला.

राहिल्या चौघी. त्या बाजारात होत्या की घरी गेल्या, कुणास ठाऊक. वकील किहानो पायऱ्यांवर उभा होता आणि त्याच्या शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बोगोताची बाई. ओरडलं तर तिच्या कानावर जाणार. बेलार्मिनाला हे दिसत होतं. आपण तोंड उघडलं की वकिलाला हवं ते फुकटात मिळणार, हेही तिला स्वच्छ कळत होतं. एर्मिंदानं तिचा हात धरला. "एकेकीला गाठून हळूच सांगू या," ती पुटपुटली. पण हळूच सांगायला वेळ कुठे होता? एखादी आत्ता, या घटकेला, चमचा भरत असेल.

बेलार्मिना पायऱ्यांवर चढली आणि जीव खाऊन ओरडली, "आज माझा काढा घेतलेल्यांनी कुणी प्यायचा नाही! पोरांना द्यायचा नाही! छोट्या बाटल्या परत आणा! त्यात जनावराचं औषध पडलंय!"

बाजार गपकन थांबला. मग कुजबुज सुरू झाली. पोराच्या अंगात औषध काढ्यातूनच गेलं, असं वकिलानं बुधवारपासून गावात पेरलं होतं, पण तोवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे एदिल्सोन खरं बोलत होता." दुसरं म्हणालं, "आणि ही बया नाही म्हणत होती." तीन बायकांनी बाटल्या आणून पायरीवर ठेवल्या, ठेवताना तिच्याकडे बघितलंही नाही. चौथीच्या घरी बाजारातला एक पोरगा पळाला आणि न उघडलेली बाटली घेऊन आला. ज्या बायकांच्या प्रत्येक बाळंतपणानंतर बेलार्मिनानं काढा पुरवला होता, त्यांतली एक जमिनीवर थुंकली.

"ऐकलंत ना?" वकील तपासणीच्या बाईला म्हणत होता. "त्यांच्याच तोंडून."

"पडलं की कुणी घातलं?" बाईनं बेलार्मिनाला विचारलं. चांगली बाई होती, शांतपणे विचारत होती.

बेलार्मिनानं एर्मिंदाकडे बघितलं. एर्मिंदा तोंडावर घोंगडी ओढून रडत होती. देवासमोर जोडलेली कोमाद्रे. तिचं नाव घ्यायला बेलार्मिनाची जीभ रेटेना. "एदिल्सोन येईल," ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत आहे. तो सांगेल."

आणि ती पायरीवर बसून राहिली. अकरा किलोमीटरची चढण. पोरानं गाठली असेल का? बाळानं प्यायलं असेल का? तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. काढ्याची चिंता त्या घटकेला तिच्या मनातून पार गेली होती. दहाचे अकरा वाजले. मग घाटाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला आणि लोक दोन्ही अंगांना सरकले.

एदिल्सोन आला. शर्ट घामानं चिकटलेला, गुडघा फुटलेला, ओठ पांढरे. शर्टाच्या आत छोटी बाटली होती. "उघडलेली नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पोरगा झोपला होता. पाजलं नव्हतं." बेलार्मिनानं दोन्ही हातांनी त्याचा घामट चेहरा धरला आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. एवढ्या आनंदानं तिनं त्याला बाप्तिस्म्यालाही धरलं नसेल. लोक टाळ्या वाजवत होते. कुणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं, कुणी त्याला बीअर देत होतं.

तपासणीच्या बाईनं ती आणि पायरीवरच्या चारही बाटल्या घेतल्या, पिशवीत घातल्या, चिठ्ठी चिकटवली. "तुम्ही हाच काढा घेत होतात?"

टाळ्या थांबल्या. एदिल्सोननं माद्रिनाकडे बघितलं. तिनं त्याला मानेनं खुणावलं, बोल राजा, सांग आता. त्यानं वकिलाकडे बघितलं, भिंतीवरच्या स्वतःच्या चित्राकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "लहानपणापासून घेतो."

शब्द एकही खोटा नव्हता. बाजार पुन्हा टाळ्यांनी दणाणला. बेलार्मिनानं राहिलेल्या बाटल्या एकेक करून गटारात ओतल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी गेली.

एका बाटलीत ते औषध निघालं, एदिल्सोन निर्दोष सुटला, आणि तीन आठवड्यांनी संघानं त्याला स्पेनच्या शर्यतीसाठी बोलावलं. शुक्रवार होता. बेलार्मिना आपल्या जागी बसली होती, समोर फक्त फुलांच्या जुड्या आणि निलगिरीची पानं. सकाळपासून एक जुडी गेली होती, तीही ससे पाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे. बँड वाजत होता. एदिल्सोन संघाचा निळा कोट घालून गर्दीतून तिच्याकडे आला आणि तिच्यासमोर एक गुडघा टेकला. दूरच्या प्रवासाला निघताना धर्मपुत्रानं माद्रिनाचा आशीर्वाद घ्यायचा असतो, आणि माद्रिनानं तो नाकारायचा नसतो.

"माद्रिना, आशीर्वाद," तो अगदी हळू म्हणाला.

दोन पावलांवर येनी उभी होती, शालीतल्या पोराला थोपटत, बेलार्मिनाकडे पाठ करून.

"देते की," बेलार्मिना म्हणाली. "नाही म्हणतेय का मी? पण मोठ्यानं माग. त्या पोरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आधी तू स्वतः काय घेतलं होतंस ते सांगून."

एदिल्सोननं तोंड उघडलं. वकिलानं लांबून हाक मारली, गाडी सुटतेय. एदिल्सोन उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि गाडीकडे गेला. बेलार्मिनाचा हात त्याच्या डोक्यासाठी उचललेला होता, तो तिनं मांडीवर परत ठेवला, आणि तेव्हा मात्र तिला बाजारात, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडू आलं.