पोटावरची जाळी

बपेऱ्याजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होते, तेव्हा उन्हाळ्यात निम्मे रोगी तरी गजकर्णाचे असत. कंबर, जांघा, काखा लाल गोल चट्ट्यांनी भरलेल्या. दुकानातून आणलेली कुठलीतरी ट्यूब लावून चट्टे आणखी पसरलेले. माणूस स्टुलावर बसायच्या आधी, नुसत्या खाजवण्यावरून मी ओळखायचे.

मे महिन्यात एक धानकरी बायकोसोबत आला. कमरेला गजकर्णच होतं. ते नीट बघायला मी सदरा वर करायला सांगितला आणि पोटावर दुसरंच काही दिसलं. बेंबीच्या वर तपकिरी रेघांची जाळी, कातडीच्या आत कुणी विणल्यासारखी. असं चित्र मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. एकाच जागी रोज शेक घेतला की अशी जाळी पडते.

"पोट शेकता का?" मी विचारलं.

बायकोच बोलली, "मी वीट तापवून देतो जी, फडक्यात गुंडाळून."

"एवढ्या उन्हात?"

"पोट दुखते न ह्यायचं. पाठीपर्यंत कळ जाते. विटेनंच बरं वाटते म्हणतात."

त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं. मी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली तसा तो चिडला. "खाजेसाठी आलो मी. नागपूरले काहून पाठवता?"

बायकोनं त्याला नेलं. स्वादुपिंडात गाठ निघाली, वेळ गेलेली. धान कापणीला यायच्या आत तो गेला.

थंडी सरताना ती एकटीच आली. बोटांच्या बेचक्यांत खरूज झाली होती. खरूज बेंबीभोवतीही असते, म्हणून मी पदर बाजूला घ्यायला सांगितला. तिच्या पोटावर तीच जाळी होती. तिथंच, बेंबीच्या वर.

"तुमचंही पोट दुखतं?"

"नाही जी."

"खरं सांगा."

"खरंच नाही. जेवणं झाली का माह्या हातानं वीट चुलीत जातेच. तापली का देऊ कोणाले? मंग मीच घेतो पोटाशी."

माझा विश्वास बसेना. तिला तुमसरला सोनोग्राफीला पाठवलं, रक्त तपासलं. काहीही निघालं नाही. रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर ती हसेल असं वाटलं होतं. तिनं रिपोर्टची घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ह्यायचं दुखणं माह्याकडं नाही आलं." त्या आवाजात सुटका होती की आणखी काही, मला आजवर कळलेलं नाही. शेकू नका, कातडी खराब होते, एवढं मी सांगितलं. तिनं मान हलवली, मलम घेतलं आणि बस गाठायला निघाली.

आता मी भंडाऱ्याला असते. साध्या गजकर्णालाही सदरा पूर्ण वर करायला लावते; तरणी पोरं लाजतात. पोट स्वच्छ दिसलं की मलम लिहून मी लगेच पुढच्या रोग्याला बोलावते. पण कामानिमित्त संध्याकाळी खेड्यातून जाताना चुली पेटलेल्या दिसल्या की माझं बोलणं मध्येच तुटतं. कुठल्या घरात कोण काय तापवत बसलं असेल, एवढंच डोक्यात राहतं.