फिल्म धुण्याची नऊ मिनिटं

सुनेनं कांद्याच्या फोडींवर व्हिनेगर ओतलं आणि तो आंबट, नाकात चढणारा वास घरभर पसरला. मी पानावरून उठून ओटीवर येऊन बसलो. फोटो धुण्याच्या आम्लालाही हाच वास, आणि त्यातच मी आयुष्याची पंचवीस वर्षं काढली, रत्नागिरीतल्या माझ्या फोटो स्टुडिओच्या अंधारखोलीत.

कृष्णधवल फिल्म किती वेळ धुवायची, असं हल्ली हौशी मंडळी कौतुकानं विचारतात. पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: वीस अंशांवर नऊ मिनिटं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचा वैशाख पाहिला नसावा. त्या दिवसांत विहिरीचं पाणीसुद्धा कोमट. म्हणून आम्ही मासळीच्या बंदरावरून बर्फ आणायचो आणि फिल्म धुण्याच्या औषधाचं भांडं त्यात बुडवून ठेवायचो. हातांना बांगड्यांचा वास लागे, पण फिल्म निर्मळ निघे.

लग्नसराईतल्या एका दुपारी मी बंदरावर जायचा आळस केला. एवढ्यानं काय होतंय, म्हणत कोमट औषधातच पुरती नऊ मिनिटं मोजली. धुऊन झाल्यावर पाणी निथळावं म्हणून फिल्म दोन बोटांत धरून ओढली, तर तिच्यावरचा चित्राचा थर सायीसारखा बोटांना चिकटून आला. त्या फिल्मवर लांज्याकडच्या एका बाईची सहा महिन्यांची मुलगी होती. नवरा मुंबईला कामाला. त्यानं लेक अजून पाहिली नव्हती, म्हणून त्याला पाठवायला हा फोटो. बाई फोटो न्यायला पोरीला घेऊन येईल तेव्हा पुन्हा काढून देऊ, अशी मी मनाची समजूत घातली.

ती आली ती एकटीच. पोर चार दिवसांपूर्वी तापानं गेली होती.

"मालक आज सांजच्या गाडीनं येनार हायत," ती म्हणाली. "त्यांनी तिला बगितलेलीच नाय. फोटू द्या, भाऊ."

चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना. मी म्हणालो, "फोटो नाही आला. पोर हलली."

ती हळूच म्हणाली, "नाय वो भाऊ, ती गप व्हती. तुमीच बोल्लात, किती गुनाची पोर."

आणि ती पायऱ्या उतरून गेली.

काळ सगळं बोथट करतो म्हणतात. माझ्या हातून नंतर कितीतरी चेहरे कागदावर उतरले, त्यांतले बहुतेक आता भिंतींवरूनही उतरले असतील. त्या मुलीचा चेहरा मला आठवत नाही. फोटो काढताना मी उजेड बघत होतो, तिला नाही. आठवतं ते एवढंच, की ती खरंच जराही हलली नव्हती.