मातीचा निरोप

आमच्या शाळेच्या वर्गाचा ग्रुप मी तावातावानं सोडला. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी राजकारण, आणि मधूनमधून ॲपवाल्या कंपनीच्या जाहिराती. आपलं घरचं बोलणंही ती कंपनी ऐकते म्हणे. मी जाहिराती नसलेलं एक नवं ॲप शोधलं आणि सगळ्यांना तिकडं बोलावलं. अंगठे भरपूर आले, माणसं आली पाच-सहा. 'इथं कुणीच नाही रे' असं लिहून तीही एकेक करून परत गेली. अरे, तुम्ही गेलात म्हणून तर कुणी नाही! मेंढरं कुठली, म्हणालो मी. फार राग आला होता.

उरला एकच. माझा बालमित्र, बार्शीत भुसाराचं दुकान चालवणारा. त्यानं लिहिलं, "जाऊ दे की त्यास्नी. मी हाय हितं." तो जुन्या ग्रुपवरही होताच, कुणाला सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रोज दुकान उघडलं की मला ज्वारीचा भाव कळवायचा. सोलापुरात बसून पेन्शन खाणाऱ्या माणसाला ज्वारीच्या भावाचं काय करायचंय? पण तो आल्याशिवाय मला चहा गोड लागायचा नाही.

मग भाव यायचा थांबला. गेला असेल कुठं लग्नाबिग्नाला, असं वाटलं. त्याच आठवड्यात मंडईत वर्गातला एक जण भेटला.

"आरं, मातीला दिसला न्हाईस?"

"कुणाच्या?"

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

आमच्याकडं पूर्वी कुणी गेलं की मातीचा निरोप घेऊन माणूस निघायचा. दारातूनच सांगून पुढच्या घरी जायचा. ज्या भावकीशी बोलणं बंद, तिचं दारसुद्धा चुकवायचा नाही. आता ग्रुपवर टाकतात. मित्राच्या मुलानंही बापाच्या फोनवरून जुन्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि सगळ्यांना कळलं असं सगळे धरून चालले.

बार्शीला गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यासाठी थांबलो हुतो की. पोरं सोलापूरच्या गाड्या बघून आली. उन्हं कलली, मग उचललं." मी पायरीवरच बसलो आणि पोराबाळांसमोर रडलो.

येताना एसटीतच जुन्या ग्रुपवर परत घ्यायला सांगितलं. कुणी टोमणा मारला नाही. ती मेंढरं नव्हती. आपल्या माणसाचा निरोप जिथं पोचतो, तिथून हलायची त्यांना भीती वाटत होती. आता मलाही वाटते.

मुलगी म्हणते, बाबा, ते रिकामं ॲप काढून टाका, फोन भरलाय. कसं काढू? त्यात तो अजून म्हणतोय, मी हाय हितं.