आवाज न झालेली थप्पड

मालिकेत कुणी कुणाच्या कानाखाली वाजवतं, तेव्हा वाजवणारी वेगळीच असते. हात नटाचा, गाल नटीचा आणि आवाज फटकेबाईंचा. नटाचा हात गालापासून वीतभर लांबूनच जातो. उरलेलं काम बाई स्टुडिओतल्या बंद खोलीत करतात: चामड्याचा जुना पट्टा दुमडायचा आणि दोन्ही टोकं धरून झटक्यात ताणायचा. बरगडी मोडायची तर कोबीचा गड्डा, मान मोडायची तर सुकी फांदी, पोटात गुद्दा हाणायचा तर ओला टॉवेल पिळून टेबलावर. इतक्या वर्षांत बाईंनी एवढ्या बरगड्या मोडल्या, की कोबीची भाजी घशाखाली उतरेनाशी झाली.

फटकेबाई हे नाव इमारतीने ठेवलेलं. बाई एकट्या, तिसऱ्या मजल्यावर, आणि सराव घरीच. नवा भाडेकरू आला की चार दिवसांत घाबराघुबरा होऊन सेक्रेटरींच्या दारात यायचा, "वर कुणाला तरी बेदम मारताहेत हो." सेक्रेटरी चष्मा पुसत सांगायचे, "मारत नाहीत, पोट भरताहेत." मग तोही बाकीच्यांसारखा निर्धास्त व्हायचा. मारहाणीचे आवाज ऐकून जेवणाचा घास न थांबणारी माणसं तयार करायला इतर ठिकाणी बराच काळ लागत असेल. या इमारतीत ते काम झटपट उरकायचं.

पडद्यावरची मारामारी बघून माणसं हाणामारी करतात का, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. इमारतीचं होतं. करतात, पण दुसऱ्यांची मुलं.

बाईंच्या बरोबर खाली एक जोडपं राहायचं. नवरा औषधांच्या दुकानात काउंटरवर. गोड बोलणारा, जिन्यात म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून देणारा. बायको घरी शिवणकाम करायची. बाईंच्या फाटलेल्या हातमोज्यांना टाके घालून द्यायची आणि त्यांना मावशी म्हणायची.

एका संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला, बाईंना खालून आवाज आला. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा, धप्प. बाईंचा कान तयार. गादी झाडताहेत, त्यांनी मनाशी ठरवलं. बोथट आवाज, घुमत नाही, आपल्या कामाचा नाही. आणि त्यांनी आपल्याच मालिकेचा आवाज वाढवला, कारण आज त्यांची थप्पड होती आणि ती नीट बसली आहे का ते ऐकायचं होतं. छान बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिवणकाम करणारी मुलगी जिन्यात भेटली. जबडा एका बाजूने सुजलेला, त्यावर ओढणी घट्ट ओढलेली.

"काय गं हे?"

"काही नाही, मावशी." मग थांबून, "काल तुम्ही घरी होतात ना?"

"होते की. तुमच्याकडे गादी झाडत होते ना?"

"आमच्याकडे फोमचं मॅट्रेस आहे, मावशी. ते कोण झाडतं?"

बाईंच्या हातातली पिशवी तिथेच पायरीवर टेकली.

मग हळूहळू कळलं. नवरा मालिका लागल्यावरच हात उचलायचा. टीव्ही मोठा करायचा, आणि पडद्यावर कुणी कुणाला बडवायला लागलं की इकडे हा. वरून बाईंचा सराव चालू असला तर टीव्हीचीही गरज पडत नसे. मुलगी पोलीस चौकीत जाऊन आली होती. तिथले साहेब म्हणाले, ऐकलेलं कुणी असेल तर घेऊन या. ती दारोदार फिरली. सगळे म्हणाले, आवाज येतात गं, पण ते फटकेबाईंचे.

म्हणजे तिला लागलेल्या प्रत्येक थपडेवर पांघरूण घालत होती ती बाईंची थप्पड. पट्ट्याची, खणखणीत, पगारी.

बाईंचं डोकं जे तापलं, ते स्टुडिओत पोचेपर्यंत तापतच गेलं. दिग्दर्शकाला नेमकी त्या दिवशी नवऱ्याने बायकोला मारायची थप्पड हवी होती. "शेजारच्या घरात ऐकू गेली पाहिजे," तो म्हणाला.

बाईंनी पट्टा बाजूला ठेवला आणि आपल्याच मांडीवर, वरून जाड कापड टाकून, हात मारला. धप्प.

"हे काय? उशी पडली का?"

"खरी अशीच वाजते."

"खरी कोण बघतं, बाई?"

"ऐकतही नाही कुणी," बाई म्हणाल्या. "ती तुमची मेहेरबानी. आणि माझी."

दिग्दर्शकाला हे कळलं नाही. त्याने जुनाच आवाज लावून घेतला. कपाटात बाईंच्या थपडा भरपूर होत्या, जन्मभर पुरतील इतक्या.

त्या रविवारी बाईंनी सेक्रेटरींना सभा बोलवायला लावली. खालचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्याने म्हाताऱ्यांना खुर्च्या लावून दिल्या. खालच्या घरात काय चालतं ते बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"आवाज यांच्या घरातून येतात," तो बाईंकडे हात करून नम्रपणे म्हणाला. "अख्ख्या इमारतीला माहीत आहे. रागाच्या भरात मी एखादी दिलीही असेल, घरोघरी होतं. पण मारलं असतं तर आवाज नसता का झाला?"

दोनतीन माना डोलल्या. मारणं म्हणजे काय, हे त्यांना रोज संध्याकाळी घुमणाऱ्या संगीतासकट दाखवलं जात होतं. जे घुमत नाही ते मारणं कसलं?

"आणि ती मालिकेतली सून तरी," सेक्रेटरींची बायको म्हणाली, "किती उलट बोलते."

"वहिनी, विषय मालिकेचा नाहीये," बाई म्हणाल्या.

"मी आपलं उदाहरण दिलं."

शेवटी ठरलं असं, की सगळ्या घोळाचं मूळ फटकेबाईंचा सराव आहे, तेव्हा त्यांनी तो घरी करू नये. बाई वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं होतं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी पट्टा, टॉवेल, फांद्या असं सगळं बोचक्यात बांधून त्यांनी सेक्रेटरींच्या दारात नेऊन टाकलं. "तुमच्याकडेच ठेवा. मोजून घ्या हवं तर."

वरचा मजला गप्प झाला. काही दिवस खालचाही.

मग एका दिवेलागणीला मालिका सुरू झाली. घराघरातून तोच संवाद, तेच संगीत. बाई जमिनीला कान लावून पालथ्या पडल्या होत्या. खाली टीव्हीचा आवाज एकदम वाढला. संगीत चढलं, आणि त्याच्या तळाशी, धप्प.

बाई उठल्या, उशाशी तयार ठेवलेलं कुलूप उचलून चपलाही न घालता जिना उतरल्या आणि तळमजल्यावर जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतला मेन स्विच खाली ओढला. पेटीला कुलूप घातलं.

इमारतीतले सगळे टीव्ही एका दमात गप्प झाले.

"लाईटला काय झालं?" दारं उघडली. माणसं अंधुक जिन्यात येऊन उभी राहिली. सेक्रेटरींच्या हातात टॉर्च होता. एवढी शांतता या इमारतीने कधी ऐकली नव्हती.

धप्प.

कुणी हललं नाही. पुन्हा, धप्प. आणि मग बंद दाराआडून त्या गोड माणसाचा दबका आवाज, "आवाज करू नकोस."

बाई पायऱ्या चढून सेक्रेटरींसमोर आल्या. दोन्ही तळहात टॉर्चच्या उजेडात धरले. रिकामे.

"साहेब, हा माझा आवाज का?"

सेक्रेटरींनी त्या हातांकडे पाहिलं. त्यांची बायको मालिकेविषयी काही बोलली नाही.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं," सेक्रेटरी म्हणाले.

"चौकीत हेच सांगायचं. याच शब्दांत."

सेक्रेटरींनी दार वाजवलं. दार उघडून नवरा हसायला गेला, पण जिनाभर माणसं बघून त्याला ते जमलं नाही. मुलगी त्याच्या शेजारून बाहेर आली, हातात चपला घेऊन. बाईंनी तिचा दंड धरला आणि सेक्रेटरींना पुढे घातलं.

चौथ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून विचारलं, "अहो, पण लाईट कधी येणार? भाग संपेल ना."

पेटीची किल्ली बाईंच्या मुठीत होती. "आज नाही येणार," त्या म्हणाल्या आणि चौकीच्या दिशेने चालायला लागल्या.