एका नावाचा क्लास

आमच्या गावात कामाची वस्तू आली की ती आधी विहारात येते. सतरंज्या, पुस्तकं, टीव्ही, सगळं वर्गणीतून आणि सगळ्यांचं. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या तलाठी भरतीसाठी ऑनलाइन क्लास लावायचा ठरला, तेव्हा तोही तसाच लावला. नाव तिचं, वर्गणी गल्लीची. माझं वाशीमकडच्या मालेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिचा फोन विहारातल्या टीव्हीला जोडून दिला. रोज संध्याकाळी आधी वंदना व्हायची, मग सगळ्या पोरींचं गणित.

वयाच्या अटीत बसणारी बहिणीची ही शेवटची भरती होती. लग्नाचा विषय तिने एवढ्याचसाठी थोपवून धरला होता.

परीक्षा तोंडावर आली तसं पोरींच्या मनात आलं, सरांचे आभार मानावेत. त्यांनी क्लासच्या अॅपवर फोटो पाठवला. टीव्हीवर सर शिकवताहेत आणि खाली सतरंजीवर आमच्या गल्लीतल्या साऱ्या पोरी. दुसऱ्या दिवशी खातं बंद. अटीनुसार क्लास एकटीनेच पाहायचा होता म्हणे. आपलेच दात, आपलेच ओठ. क्लासला फोन केला की एक मशीन गोड आवाजात धन्यवाद म्हणायचं. मला अजून त्या आवाजाची चीड येते.

मी बहिणीला घेऊन वाशीमला वकिलाकडे गेलो. माणूस भला होता. त्याने समजावलं, की टीव्ही विकत घेतला तर तो तुमचा, गावाला दाखवा नाहीतर गच्चीवर ठेवा. इथे तुम्ही काही घेतलेलंच नाही, फक्त पाहायची परवानगी घेतली, तीही एकटीची. दुकानातल्या वस्तूला आणि फोनवरच्या क्लासला एकच न्याय लावायला हवा, तसा कायदा येईलही कधीतरी. मग त्याने वाट सांगितली. फोटोतल्या पोरी त्या एकाच दिवशी सहज आल्या होत्या, एरवी मी एकटीच पाहायची, एवढं लिहून द्या, म्हणजे निदान नोटीस तरी पाठवता येईल.

मी पेन उचललंसुद्धा. बहिणीने माझा हात धरला.

"वकीलसाहेब, रोज विहारात खोटं बोलनार नाई म्हनतो आमी. अन् त्याच विहाराबद्दल खोटं लेहून देऊ काय?"

 वकिलाने फी घेतली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. येताना बसमध्ये मी तिच्यावर खूप चिडलो. शील सांभाळणारीला सरकार तलाठी करत नाही, असं बोलून गेलो.

परीक्षा तिने दिली. उरलेला अभ्यास जुन्या पुस्तकांवर केला होता. निवड झालेल्यांत तिचं नाव नव्हतं. विहारात आता संध्याकाळी वंदना होते आणि पोरी घरी जातात.

परवा पेपरात वाचलं, दुकानातल्या आणि ऑनलाइन खरेदीचे नियम सारखे करायला हवेत म्हणून कुणीतरी लिहिलं होतं. वकील बोलला होता तेच. मी पेपर घेऊन तिला सांगायला गेलो. ती साडीला इस्त्री करत होती, दुपारी पाहुणे तिला बघायला येणार होते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, इस्त्री उभी ठेवली आणि विचारलं, "तवरोक माह्यं वय थांबन काय, दादा?"