सईचे आबा

आश्विनातलं पिवळं, चिकट ऊन मुलुंडच्या आमच्या दिवाणखान्यात शिरलं, की स्पिरिटचा नि कापराचा मिसळलेला वास पुन्हा जागा होई. वडिलांना जाऊन तीन आठवडे झाले होते. अखेरचे सात महिने ते याच खोलीत, प्राणवायूच्या यंत्राशेजारच्या खाटेवर पडून होते. आणि त्याच महिन्यांत माझी दीड वर्षांची सई एकेक शब्द वेचत बोलू लागली होती. खाटेकडे बोट दाखवून माझी आई म्हणे, ‘आबा.’ सई म्हणे, ‘आबा.’

त्या दुपारी आम्ही शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांनी नुकताच फिशटँक आणला होता. सई त्याच्यासमोर थबकली, काचेला इवले तळवे टेकले आणि स्वच्छ म्हणाली, ‘आबा.’

आईचा चेहरा उतरला. ‘कुठे गं, बाळा? कुठे आहेत आबा?’

सईने पाण्याकडे बोट केलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यानंतर आई तिला रोज तिथे नेऊ लागली. मी अस्वस्थ. एकदा सईला वडिलांचा जुना फोटो दाखवला. भरघोस मिशा, गालभर हसू. ‘हे कोण?’

‘काका,’ ती म्हणाली.

चौथ्या दिवशी मीही त्यांच्यामागून गेलो, टँकपाशी डोळे मिटून उभा राहिलो आणि मग ऐकू आलं: पंपाची मंद घरघर, पाण्यातून अखंड फुटत वर येणारे बुडबुडे. वडिलांच्या यंत्राला जोडलेल्या बाटलीतही पाणी असंच रात्रंदिवस बुडबुडत असे. आम्ही नळीआडच्या चेहऱ्याला नाव देत होतो. सईने ते त्या ध्वनीला दिलं होतं. माणूस कुठे संपतो आणि त्याच्याभोवतीचं जग कुठे सुरू होतं, ती रेघ तिच्यासाठी अजून कुणी ओढलीच नव्हती.

घरी आल्यावर मी हे आईला जपून सांगितलं. ती सईच्या फ्रॉकची घडी घालत राहिली.

‘ठाऊक आहे रे मला. पहिल्याच दिवशी कळलं.’

‘मग रोज का जातेस?’

‘सात महिने मी तो आवाज चालू आहे ना, एवढंच ऐकत होते. हे काय बोलायचे, तिकडे लक्षच नव्हतं माझं.’

मी वडिलांची हाक आठवू लागलो. शब्द आठवला, माझंच नाव होतं ते. आवाज मात्र काही केल्या येईना. दारात सई उभी होती, माझ्याकडे एकटक बघत. ‘बाबा’ म्हणताना तिच्या मनात नेमकं काय येत असेल, हे तिला विचारण्याचा मला धीर झाला नाही.